मातीचा किल्ला

गोष्ट ऐन रंगात असताना ‘हे सारे खोटे आहे’ असे सांगणाऱ्याचा मला राग येतो. कारण तो खोटे बोलत नसतो.

जपानमध्ये १९९२ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ हा व्हिडिओ गेम निघाला. त्यातला नायक लहानपणी बाप गमावतो, दहा वर्षे गुलामगिरीत काढतो, लग्न करतो आणि स्वतः बाप होतो. त्यावर २०१९ साली ‘युअर स्टोरी’ हा ॲनिमेशनपट आला. अखेरीस तिथे एक संगणकी विषाणू अवतरतो आणि नायकाला बजावतो, हा नुसता खेळ आहे, आता मोठा हो! नायक त्याला हरवतो. तरी पुष्कळ चाहते संतापले.

मला आधी हसू आले. खेळ खोटा, हे त्यांना ठाऊक नव्हते काय?

मग अंगणातला दिवाळीचा किल्ला आठवला. तो मातीचा आहे हे पोरांइतके कोणाला ठाऊक? चिखल त्यांनीच तुडवलेला असतो. तरी त्यावर कुणाचा पाय पडला की ती रडतात. चित्रपट नायकाच्याच बाजूचा होता, हे खरे. पण किल्ल्याची थोरवी सांगायला आधी त्याला लाथ कशाला मारावी?

न विचारता सांगितलेल्या सत्यात सत्यापेक्षा सांगणाराच मोठा होऊ पाहतो. मोठेपण हवेच असेल, तर अंगणातून जाताना किल्ला चुकवून पाऊल टाकावे. तेवढे पुरे.