पोत दिसतो, लाल्या दिसत नाही

सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडवर्गातली झाडं उठावात काढली आहेत. त्या झाडांचं बळ रंगात नाही. उठावाची एक कड उजेडात आणि दुसरी सावलीत राहते, म्हणून झावळ्या दिसतात. झाडापानांचा पोत कृष्णधवल छायाचित्रात पकडायचा असेल, तर वर्ध्याच्या माणसाने आधी ही भिंत बघून यावी. पोत म्हणजे लहान लहान सावल्यांचा हिशेब, हे तिथे उभ्याउभ्या कळतं.

मग बोरच्या जंगलात जावं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली असते. अर्जुन त्याच कुळातला, दोघांच्याही फळांना पाच पंख. पण ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल गुळगुळीत, पापुद्रे सोडणारी. रंगीत फोटोत आजूबाजूची हिरवाई नजर ओढून घेते आणि हा फरक मागे पडतो. कृष्णधवलात तोच पुढे येतो. सागाच्या बाबतीत तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक अळी आपलं काम आयतंच करून ठेवते. पानातला हिरवा गर ती खाते आणि शिरांची जाळी तेवढी सोडते. उजेडासमोर धरलेल्या अशा पानाचा फोटो काढताना रंगाची आठवणही होत नाही.

तिरपा उजेड हवा, हा नियम सगळे सांगतात. पण जर्मनीच्या कार्ल ब्लॉसफेल्टने तो पाळला नव्हता. १९२८ साली त्याचं वनस्पतींच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं आणि गाजलं. सौम्य उजेड, साधी पार्श्वभूमी, स्वतः तयार केलेला कॅमेरा आणि कित्येक पटींनी मोठे केलेले कोंब-कळ्या. तो कलाशाळेत शिकवत होता. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून त्याने हे फोटो काढले. हेतू स्पष्ट असला की नियम वाकवता येतात. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. फोटो आधी निघतो, तो फिका वाटला की कृष्णधवल केला जातो आणि त्याला कलात्मक म्हटलं जातं.

शिवाय राखाडी रंग दिसतो तितका निष्पाप नसतो. फाल्गुनात फुललेला पळस घ्या. लाल रंग न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मवर ती फुलं काळीभोर येत; सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर लाल फिल्टर लावला की तीच पांढरीफेक. आता संगणकावर हेच काम एक पट्टी सरकवून होतं. म्हणजे पळस काळा की पांढरा, हे झाड ठरवत नाही, आपण ठरवतो.

खरी परीक्षा शेतात होते. वर्धा कापसाचा जिल्हा. कपाशीवर लाल्या आला की पानं लालसर पडतात. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडणं, रात्रीचं तापमान उतरणं, अशी त्याची कारणं. शेतकरी बांधावरून पऱ्हाटीचा रंग बघतो आणि समजून चुकतो. त्याच पानाचा कृष्णधवल फोटो काढला, तर लाल आणि हिरवा जवळपास एकाच राखाडीत मिसळून जाऊ शकतात. पान सुंदर दिसेल, रोग दिसणार नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅकही असाच पुसट होतो. डोमकळीचं मात्र तसं नाही. गुलाबी बोंडअळी शिरलेल्या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, एकमेकींत गुंतून मिटलेल्या राहतात. तो आकाराचा दोष आहे, म्हणून तो रंगाशिवायही दिसतो, कदाचित अधिकच ठळक. लक्षण आकारात असेल तिथे कृष्णधवल खरं बोलतं. लक्षण रंगात असेल तिथे ते गप्प बसतं, आणि आपण त्या गप्प बसण्यालाच गांभीर्य समजतो.

सेवाग्रामची आपल्या मनातली प्रतिमा कृष्णधवल आहे, ती बरीचशी कनू गांधींमुळे. फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही, या बापूंच्या अटी पाळून त्यांनी फोटो काढले. त्या काळी, तशा साधनांत, रंगाचा पर्याय त्यांच्यापुढे जवळजवळ नव्हताच. आपल्यापुढे आहे, म्हणून आपल्याला कारण द्यावं लागेल. भेगाळलेली जमीन, वाळकी पऱ्हाटी, सुरकुतलेला हात, सगळं करड्या छटांत: विदर्भाचे असे फोटो मी आता कौतुकाने बघू शकत नाही. पीक कोणतं, ते वाळलं कशाने, की वेचणी संपल्यावर उभी राहिलेली ती नुसती पऱ्हाटी आहे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. दिवाणखान्यात टांगायला मात्र ते चालतात.

तेव्हा वर्ध्यातल्या, आणि एकूणच आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांना एवढंच सांगणं आहे. सालीचे, शिरांचे, बोंडांचे कृष्णधवल फोटो जरूर काढा. पण मूळ रंगीत फाइल पुसू नका. फोटोखाली झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. झाडाचं नाव ठाऊक नसेल, तर ज्याच्या बांधावर उभे आहात त्यालाच विचारा.