तळ्याकाठी कोण येणार?

‘हॅरी पॉटर’ चित्रपटमालिकेचा तिसरा भाग 2004 साली आला. त्याच्या शेवटाकडे तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. माणसाच्या मनातला आनंद शोषून घेणारे डिमेंटर आभाळातून घिरट्या घालत उतरताहेत आणि तेरा वर्षांचा हॅरी लांब झाडांमधून पलीकडच्या काठाकडे, मरायला टेकलेल्या स्वतःकडेच, पाहतो आहे. काळ काही तास मागे फिरवून तो इथं आलेला आहे. त्या वेळी आपल्याला कुणीतरी वाचवलं, एवढं त्याला आठवतं. तो आपला बापच होता अशी त्याची खात्री आहे. बाप तर तो वर्षाचा असतानाच गेला, तरी पोरगं वाट बघतं. आता येतील, आत्ता येतील. शेजारी उभी असलेली त्याची मैत्रीण हर्मायनी सांगते, कुणीही येत नाहीये. तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो. तो धावत पुढे होतो आणि स्वतःच जादूची छडी उगारतो. वाचवणारा तोच होता.

आठ सिनेमांच्या या मालिकेत राक्षसी साप आहेत, उडते झाडू आहेत, बोलत्या तसबिरी आहेत. पण मोठं होणं म्हणजे काय, हे या एका प्रसंगाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठंच येत नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत नट आणि प्रेक्षक बरोबरीने वाढले. पहिल्या भागाचं चित्रीकरण झालं तेव्हा डॅनियल रॅडक्लिफ अकरा वर्षांचा होता. शेवटचा भाग झळकला तेव्हा तो बाविशीला टेकला होता. दिग्दर्शक चार झाले. पहिल्या दोन भागांतला ख्रिस कोलंबसचा उबदार, दिवाळीसारखा उजेड तिसऱ्या भागात अल्फोन्सो कुआरोनने काढून घेतला आणि पडद्यावर धुकं, पाऊस, गारठा आणला. तिथून पुढे जादूची मर्यादा दिसत जाते. फुटलेला चष्मा मंत्राने सांधता येतो, गेलेलं माणूस परत आणता येत नाही. मुलं मोठी होतात ती जिथं जादू थांबते तिथं.

रायगड जिल्ह्यातल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाड आणि पोलादपूरच्या वाड्यांत, ही गोष्ट परकी वाटू नये. इथल्या मुलांनी हे सिनेमे बहुतेक टीव्हीवर, हिंदी आवाजात पाहिले. धुकं त्यांना दाखवावं लागत नाही; जुलैत रायगडाचा माथा दिवस दिवस दिसत नाही. आईबाप मुंबईला किंवा सुरतेला आणि मुलं आजी-आजोबांपाशी, ही रीतही पोलादपूरच्या डोंगरात जुनी आहे. कुणीतरी येईल म्हणून एसटीच्या थांब्याकडे डोळे लावून बसणं हा तिथल्या बालपणाचाच भाग आहे.

पण या मुलुखाचं त्या कथेशी असलेलं नातं धुक्यापुरतं नाही. अकराव्या वर्षी हॅरीला जादूच्या शाळेचं पत्र येतं. मावशी आणि तिचा नवरा ते दडवतात, फाडतात, जाळतात, तशी आणखी पत्रं येत राहतात, धुराड्यातून घरभर उधळतात. जगभरच्या मुलांना हा प्रसंग आवडतो. आपल्यालाही कुठून तरी बोलावणं येईल, ही आशा त्यात आहे.

महाड तालुक्यात साधारण त्याच वयाच्या एका मुलाच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म 1903 चा, लाडवलीचा. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. महाडच्या इंग्रजी शाळेच्या दारात तो उभा राहिला तेव्हा अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारण्यात आला. त्याला कुणाचं पत्र येणार नव्हतं. त्यानेच पत्र लिहिलं, वर्तमानपत्राला. ते छापून आलं, बोभाटा झाला आणि शाळेला दार उघडावं लागलं. वर्गात मात्र त्याला इतरांपासून वेगळं बसावं लागलं. पुढे हेच आर. बी. मोरे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी भरलेल्या 1927 च्या महाड परिषदेचे प्रमुख संघटक झाले. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या, मुलगा सत्येंद्र मोरे यांनी वडिलांचं चरित्र पूर्ण केलं, आणि 2019 मध्ये वंदना सोनाळकर यांच्या अनुवादातून ते इंग्रजीतही गेलं. महाडच्या प्रत्येक सातवीतल्या मुलाला हा पत्राचा प्रसंग पाठ असायला हवा. तळ्याकाठी आपणच पुढे व्हायचं असतं, हे कळायला हॅरीला तेरावं वर्ष उजाडलं. मोरेंना ते आधीच कळलं.

मालिकेच्या दुसऱ्या भागात हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मालफॉय हर्मायनीला तिच्या जन्मावरून घाण शिवी देतो. तिचे आईबाप जादूगार नाहीत, म्हणून तिचं रक्त गढूळ. ती वर्गात सर्वांत हुशार आहे, याने काही फरक पडत नाही. सातव्या भागात तीच शिवी तिच्या हातावर सुरीने कोरली जाते. इंग्लंड-अमेरिकेतले समीक्षक इथं नाझींची आठवण काढतात, ते बरोबरच आहे. मराठी वाचकाला मात्र इतक्या लांब जावं लागत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं, कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळात ते घुसणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले कितीतरी गडी होते. मनात आणलं असतं तर त्यांनी तिथंच हिशेब चुकता केला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. नंतर गावातल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या 108 घागरी तळ्यात ओतून ‘शुद्धी’ केली. रक्ताच्या शुद्धतेचं वेड कुठल्या थराला जातं, याचं इतकं नेमकं दृश्य हॅरीची गोष्ट लिहिणाऱ्या रोलिंगबाईंच्या सातही कादंबऱ्यांत नाही.

पहिल्या सिनेमाच्या शेवटी नेव्हिल लाँगबॉटम या भित्र्या मुलाला दहा गुण मिळतात. शत्रूपुढे उभं राहायला धैर्य लागतं, पण आपल्याच मित्रांपुढे उभं राहायला त्याहून जास्त, असं शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर त्या वेळी सांगतो. महाडमध्ये ही जागा सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांची आहे. टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष, चित्रे परिषदेच्या आघाडीवर; परिषद संपताना तळ्याकडे जाण्याची सूचना केली ती चित्रे यांनीच. दोघेही कायस्थ. ज्या घरांत त्यांचं उठणं-बसणं होतं, त्याच घरांच्या विरोधात त्यांना जावं लागलं. हे किती अवघड असतं, ते लहान गावात राहिलेल्यालाच कळेल. तिथं भांडण झालं तरी सकाळी त्याच दुकानात जायचं असतं. तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा खटला मुंबई उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी निकाली निघाला. दहा वर्षं लागली.

जादूवर भिस्त ठेवणारं मूल मराठी पडद्यावरही आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या काळी चिमणी शोधत रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की आवडती मुलगी वश होते असं त्याला सांगितलं गेलंय. चिमणी सापडत नाही. शेवटी त्याच्या हातात दगड येतो. हॅरीच्या छडीहून तो दगड या मातीतला आणि जास्त खरा आहे.

पाचव्या भागात थेस्ट्रल नावाचे घोड्यासारखे प्राणी येतात. हाडांवर कातडं, वटवाघळासारखे पंख. ज्यांनी मृत्यू पाहिला आहे त्यांनाच ते दिसतात. नऊ वर्षांची असताना आई गमावलेल्या लुना या हॅरीच्या शाळासोबतिणीला ते दिसतात. ती रानात त्यांच्या पिल्लापुढे आधी सफरचंद टाकते, ते हुंगून सोडून देतं, मग ती मांसाचा तुकडा टाकते. हॅरीलाही आता ते दिसू लागलेत. मोठं झाल्यावर जास्त दिसतं, आणि दिसतं ते सगळंच हवंसं नसतं.

22 जुलै 2021 नंतर महाड-पोलादपुरातल्या कितीतरी मुलांना असं दिसू लागलं असेल. त्या दिवशी तळिये गावातल्या कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथंही घरं गाडली गेली. महाड शहरात सावित्री आणि गांधारीचं पाणी काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं, रस्ते तुटले होते. बचाव पथकं पोचेपर्यंत आसपासच्या वाड्यांतली माणसं घमेली-फावडी घेऊन, नाहीतर नुसत्या हातांनी चिखल उपसत होती. सातव्या भागात हॅरीचा चिमुकला मित्र डॉबी मरतो तेव्हा हॅरीच्या हाती जादू असते, तरी तो ती वापरत नाही. समुद्रकाठच्या वाळूत स्वतः फावड्याने खड्डा खणतो. दुःखाला हाताने काम द्यावं लागतं, हे त्या दृश्याला ठाऊक आहे. ते तळियेच्या माणसांनाही ठाऊक होतं, पण त्यांना निवड नव्हती.

म्हणून इथं एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ‘कुणी येणार नाही, तूच उभा राहा’ हा धडा मुलांच्या गळ्यात घालून मोठ्यांनी मोकळं व्हायचं नसतं. मालिका तसं करू देत नाही. पाचव्या भागात जादू मंत्रालय संकट आल्याचंच नाकारतं आणि त्याची किंमत पोरं मोजतात. रायगड जिल्ह्याने 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते इथल्या दरडी पाहिल्या, मग दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, तरी तळिये घडलं. आणि 2023 मध्ये खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा ती यादीत नव्हतीच, असं सरकारनेच सांगितलं. डोंगर कुठं भेगाळलाय हे बघणं आठवीतल्या मुलाचं काम नव्हे.

आणि तळ्याकाठी हॅरीने उच्चारलेला मंत्र त्याला आकाशातून मिळालेला नव्हता. ल्यूपिन नावाच्या फाटक्या कोटातल्या शिक्षकाने तो वेळ काढून शिकवला होता. पोरगं कोसळलं की हातात चॉकलेट द्यायचं, दम खाऊ द्यायचा, परत उभं करायचं. पोलादपूरच्या वाडीत असा माणूस भेटण्याची जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, कधी दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती सरकारने 2022 मध्ये मागवली, पुढच्या वर्षी समूह शाळांची कल्पना आली. एकेका वाडीची शाळा मिटवून मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचं. सपाटीवर हे कदाचित जमेल. इथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओढे फुगतात, घाटात माती येते, एसटी दोन दोन दिवस वर चढत नाही, आणि पहिलीतलं पोर घरी बसतं. मोरेंना शाळेत शिरायला वर्तमानपत्राला पत्र लिहावं लागलं. त्यांच्याच खोऱ्यातल्या आजच्या मुलाची शाळा त्याच्या वाडीत राहायला हवी, पट नऊचा असो की चारचा.