बाभळीचे दोन सोट

नारायणगडाच्या पायथ्याला असलेल्या एका गावाची ही गोष्ट. गडावर संत नगद नारायण महाराजांचं स्थान आहे आणि बीडकडची माणसं गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्याला पंढरपूर गाठता येत नाही, तो गड चढतो आणि तिथंच विठ्ठलाला हात जोडतो. पण गोष्ट आषाढीतली नाही, पौषातली आहे. पौषात ही गावं निम्मी रिकामी असतात. दिवाळी सरली की कोयते बाहेर पडतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं मुकादम नेईल तिथल्या कारखान्याचा ऊस तोडायला नवरा-बायको जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. म्हातारी लेकरांना भाकरी करून घालतात आणि लेकरं म्हाताऱ्यांना मोबाइल लावून देतात.

अशाच एका घरात एक आबा होते आणि त्यांची नववीतली नात. आबा जातीचे सुतार. ट्रॅक्टर आले तसं कुळव-पाभरीचं काम गेलं, दारांच्या चौकटीही लोखंडाच्या झाल्या. तरी त्यांचा वाकस आणि रंधा धार लावून जागेवर ठेवलेला असायचा. अंगणात गोठ्याच्या भिंतीला बाभळीचे दोन सोट टेकवलेले होते, सरळ आणि चांगले मुरलेले. बाभळीत असं सरळ लाकूड सहजी मिळत नाही. नातीच्या लग्नात मांडवाला पुढच्या बाजूला लावायचे, असं आबांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं.

नात शाळेत खो-खो खेळायची. शाळेच्या मैदानावर एका टोकाला खांब म्हणून बोअरचा जुना पाईप रोवलेला होता आणि दुसऱ्या टोकाला तेवढाही नव्हता, दगड ठेवून भागवायचे. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली होती, "आबा, ते दोन सोट शाळेला द्या की. खांब होतील."

"ते मांडवाचं लाकूड हाय, खेळाचं न्हवं," आबा म्हणाले आणि विषय तिथंच संपला. ते रागावले नव्हते. पोरी मैदानावर पळतात, पळू देत, एवढंच त्यांना त्याचं मोल होतं. पोरगी काय खेळते, कुठल्या जागी बसते, किती वेळ टिकते, हे ना त्यांनी कधी विचारलं ना गावातल्या दुसऱ्या कुणी.

2025 सालच्या जानेवारीची 19 तारीख, रविवार. गावात मोबाइलला धड रेंज मिळते ती मारुतीच्या पारावरच. त्यामुळे संध्याकाळी नात आबांचा मोबाइल घेऊन पारावर आली, तेव्हा भजनी मंडळींचा हरिपाठ नुकताच आटपत होता. आरती झाली, खडीसाखर वाटली. म्हातारे उठायच्या बेतात होते. गळ्यातले टाळ अजून निघाले नव्हते.

"काय बघायलीस गं?" विणेकऱ्यांनी विचारलं.

"खो-खो. वर्ल्ड कपची फायनल हाय, दिल्लीत."

"खो-खोचा बी वर्ल्ड कप असतोय का?"

"औंदा पयलाच हाय. तेवीस देश आलेत. आन् पोरींची कॅप्टन आपल्या बीडची हाय. प्रियंका इंगळे. केज तालुक्यातल्या कळमअंब्याची."

घराकडं निघालेले पाय पारावरच थांबले. पखवाजी म्हणाले, "कळमअंब्याला माझा साडू राहतोय," आणि परत खाली बसले. साडूचा आणि खो-खोचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. माणूस खेळापाशी असाच येतो. कुणी नात्याने येतो, कुणी गावाच्या नावाने, कुणी शेजारचा थांबला म्हणून थांबतो. यात कमीपणा मुळीच नाही. खरा प्रश्न असतो तो आल्यानंतर काय करायचं, हा.

मोबाइल पेटीला टेकवून उभा केला. तळहाताएवढ्या पडद्यासमोर आठ-दहा पांढऱ्या टोप्या दाटीनं वाकल्या. समोर नेपाळ. नातीला सगळं समजावून सांगावं लागलं. शाळेच्या मैदानावर नऊ जणी उतरतात, इथं सात. सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या. दोन पाळ्या आपण मारायचं, दोन पाळ्या पळायचं. गडी मारला की दोन गुण. पळणाऱ्या तीन मिनिटं टिकल्या तर त्यांना एक गुण, मग पुढं दर अर्ध्या मिनिटाला आणखी एक. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं या खेळाचे नियम बांधले, असंही तिनं सांगितलं. ते सरांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

पहिल्या पाळीत आपल्या पोरी मारायला होत्या. पहिला गडी बाद झाला आणि विणेकऱ्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातून टाळ वाजला. मुद्दाम नाही, आपोआप. दुसऱ्या गड्याला दोन टाळ वाजले. पुढं पुढं पडद्यावर कुणी खो दिला की पारावर टाळ पडू लागला आणि पखवाजी मांडीवर ठेका धरून बसले. पाळी संपली तेव्हा आपले गुण होते 34 आणि समोरच्यांचं खातंही उघडलं नव्हतं. आषाढीच्या वाटेवर रिंगण झालं की वारकरी हुतूतू खेळतात, फुगड्या घालतात. या म्हाताऱ्यांनी तरुणपणी ते सगळं केलेलं होतं. पळण्यातला आनंद त्यांना नवा नव्हता. तो बराच काळ अंगात झोपून होता, इतकंच.

तेवढ्यात मोबाइल वाजला आणि सामना दिसायचा बंद झाला. फडावरून नातीच्या आईचा फोन होता.

"उचलू नगं!" पारावरून एकच गलका झाला.

तिनं उचलला. "आई, फायनल चालूय. खो-खोची. बीडची कॅप्टन हाय."

पलीकडं क्षणभर कुणी बोललं नाही. मग आवाज आला, "मंग ठेव. झाल्यावर सांग मला. मी जागी हाय."

दुसरी पाळी नेपाळची होती आणि त्या पोरी जिद्दीनं खेळल्या. आपले गडी एकामागून एक बाद होऊ लागले. पारावर टाळ थंडावले. "पळ की गं! डाव्या अंगानं!" विणेकरी मोबाइलला सांगत होते. इतक्यात नेपाळच्या एका पोरीनं अंग झोकून सूर मारला, आपल्या पळणारीच्या टाचेला तिची बोटं लागली न लागली, आणि नातीनं टाळी वाजवली.

"कुणाच्या बाजूनं हायस गं तू?" पखवाजी तापले.

"सूर बघा ना कसला मारला! आमचे सर म्हणतेत, असा सूर बघितला की टाळी द्यायची. कुणाचा का असंना. ती बी सकाळी उठून पळायलीच असंल की."

आबांचं लक्ष पडद्यावरून तिच्या हाताकडं गेलं. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, एक आडवा चरा होता. वर खपली धरलेली आणि खपलीच्या कडेनं नवा लाल ओरखडा.

"हे काय?"

"पाईप लागतोय, आबा. खांबाला धरून वळताना. त्याची वरची कड कापलेली हाय ना, तशीच राहिलीय." तिनं हात मागं घेतला. "समद्याच पोरींना हाय."

आबा पुढं काही बोलले नाहीत. पाळी संपली तेव्हा फलक 35–24 होता. आपल्या पोरींनी पळताना एक गुण कमावला होता आणि बाकी सगळे नेपाळनं ओरबाडून नेले होते.

तिसऱ्या पाळीत मात्र आपल्या पोरींनी रान उठवलं. फलक 73–24 झाला. मारायला कोण आलं, कुणी खांबावर गाठलं, कुणी हुलकावणी दिली, हे आता म्हातारेच एकमेकांना सांगू लागले होते. शेवटच्या पाळीत चैत्रा नावाची कर्नाटकची मुलगी आपल्या तुकडीबरोबर पळायला उतरली. तीन मिनिटं झाली, चार झाली. नेपाळच्या पोरी दमून भागून पुन्हा उठत होत्या, पुन्हा सूर मारत होत्या. पाच मिनिटं उलटल्यावरच ती तुकडी बाद झाली. सामना 78–40 असा संपला. मग पखवाज्यांनी पखवाज पुन्हा कमरेला बांधला आणि पारावर बराच वेळ जो गजर झाला, तो ऐकून गावातल्या बाया दिवा लावायचा सोडून दारात आल्या. त्याच रात्री पोरांच्या संघानंही नेपाळला 54–36 असं हरवलं. तो सामनाही कुणी सोडला नाही.

नातीनं आईला फोन लावला तो स्पीकरवरच. आकडे सांगितले, कॅप्टनचं गाव पुन्हा एकदा सांगितलं. आई खोपीत होती. मागं कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"मी बी खेळायची," ती म्हणाली. "सातवीपर्यंत. मला वेळ काढायला पाठवायचे सर. चार-चार मिनिटं हाती लागत नव्हते कुणाच्या. मग आई-बापानं फडावर नेलं, झालं."

चौदा-पंधरा वर्षं ही सून घरात वावरत होती. आबांना हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरं बोलणंच नव्हतं. कॉलेजात जाणारी चार-सहा पोरं पुढं झाली. वर्गणी निघाली. दहा बाय आठचा फ्लेक्स करायचा ठरला, गावाच्या तोंडाशी, बीडच्या रस्त्यावर. वरच्या ओळीत कुठल्या नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांत कुणाकुणाचे चेहरे, यावर दुपारपर्यंत वाद चालला. कॅप्टनचा फोटो मधे घ्यायचा की बाजूला, तेही त्यात होतं. मला त्या पोरांना नावं ठेवायची नाहीत. आनंद झाला की तो चारचौघांत दिसावा असं कुणालाही वाटतं, आणि आपल्याकडं आनंद दाखवायची दुसरी रीत त्यांना कुणी शिकवलेलीच नाही.

फ्लेक्स उभा करायला दोन सोट लागणार होते. गावात तसे सोट कुठं आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी पोरं आबांच्या अंगणात आली.

अंगणात भुशाचा ढीग पडला होता. दोन्ही सोट कापून आखूड झाले होते. आबांच्या मांडीखाली एक खांब आडवा, ते त्याच्यावर काचकागद फिरवत होते. वाकसानं गोल केलेला, रंध्यानं गुळगुळीत केलेला, माथ्याची कड मारून बोटाला लागणार नाही अशी केलेली. नात शेजारी शाळेतली पट्टी घेऊन बसली होती. जमिनीवर 120 सेंटिमीटर, बाकीचा मातीत, असं खांबावर कोळशानं लिहिलेलं होतं.

"आबा, हे काय केलं?" एक पोरगा म्हणाला. "आमी फ्लेक्सला मागायला आलो व्हतो."

"तू काल पारावर नव्हतास," आबा म्हणाले. "हितं ये. हात फिरीव ह्याच्यावरून."

त्यानं हात फिरवला.

"लागतंय का काही?"

"न्हाई."

"आता हिचा हात बघ."

नातीनं तळवा पुढं केला. पोरानं बघितलं, मग बाकीच्यांनी बघितलं. वर्गणीची वही ज्याच्या काखेत होती, त्यानं विचारलं, "मंग मांडवाला काय लावणार, आबा?"

"मांडवाला अजून लई येळ हाय," आबा म्हणाले आणि पुन्हा काचकागद उचलला. "जमलेल्या पैशातनं चुना आणा, मैदान आखायला. आन् उद्या सकाळी पहारी घेऊन या."

सकाळी चौघं आले. पाईप उपटायलाच तास गेला. दगड वेचले, खड्डे घेतले, पहिला खांब रोवला, माती धुमसली. दुसरा खांब रोवून झाला, भोवतीची माती चोपून झाली, आबांनी कपाळावरचा घाम पुसला. नात दोरी घेऊन या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत गेली आणि थांबली.

"आबा, एक वीत इकडं पायजे."

"आधी न्हाई का सांगायचं?" एक पोरगा वैतागून म्हणाला.

"दोरी आत्ता ताणली ना," ती म्हणाली.

"ती सांगती तसं करा," आबा म्हणाले आणि पहार घेऊन स्वतःच माती उकरायला बसले.