सोबत्याची वाट आणि आपली हांक

शास्त्रपाठ: योहान 21:15–22



ह्या अध्यायांत पहाटेची वेळ आहे. रात्रभर जाळें टाकून हातीं कांहीं न लागलेल्या शिष्यांस प्रभूनें कांठावर बोलाविलें आहे. कोळशांचा विस्तव पेटला आहे, त्यावर मासे आहेत, जवळ भाकर आहे. न्याहारी झाल्यावर प्रभु पेत्राला त्याच्या प्रीतीविषयीं तीन वेळां विचारतो, आपलीं मेंढरें त्याच्या स्वाधीन करितो, आणि त्याला कोणत्या मरणास सामोरें जावें लागेल हेंही सुचवितो. इतकें गंभीर बोलणें चाललें असतां पेत्र मागें वळतो. त्याला योहान दिसतो. आणि लागलीच, ह्या माणसाचें पुढें कसें होणार, अशी चौकशी तो करूं लागतो. योहानाचा हिशेब प्रभु त्याच्यापुढें मांडीत नाहीं. पेत्राला तो आपल्यामागें येण्यास सांगतो, इतकेंच.

पेत्र व योहान एकमेकांस परके नव्हते. मासे धरण्याच्या धंद्यांत ते भागीदार होते असें लूक सांगतो (5:10). पुढें एकाच गुरूच्या पायांशीं ते शिकले. म्हणूनच तो प्रश्न उद्भवला. परक्याच्या वैभवानें आपण क्वचितच अस्वस्थ होतों. एका बाकावर बसलेल्या सोबत्याच्या वैभवानें मात्र झोंप उडते.

आमचा महाविद्यालयांतील वर्ग सुटून पंचवीस वर्षें झालीं. नुकतेच आम्ही कांहीं वर्गबंधु न्हाव्यास धक्क्याजवळ एका सोबत्याच्या घरीं जमलों होतों. एकानें शिक्षकाची नोकरी सोडून मालवाहतुकीचा धंदा काढला आहे. दुसऱ्यानें वडिलांस मिळालेल्या भूखंडावर इमारत उठविली आहे. तिसरा पदवी घेऊनही बापाच्या होडीवर परतला. तो अद्याप खाडींत जाळें टाकतो. मी पाळक झालों. गप्पा रंगल्या होत्या, आणि खरें सांगतों, माझें मन त्या घराच्या फरशा मोजीत होतें. ह्याच्यापेक्षां परीक्षेंत मला गुण अधिक पडत होते, हा विचार प्रभूच्या सेवकाच्या मनांत आला. त्याची मला लाज वाटते.

आमच्यांतला एक जण मात्र घरांत आलाच नाहीं. वीस वर्षें तो कंटेनरच्या एका गोदामांत हिशेबनीस होता. कंत्राट संपलें आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं तो घरीं बसला. तो धक्क्यापर्यंत आला, आंतील हंसणें त्यानें ऐकलें, आणि तेथेंच थांबला. आम्हांस त्याची आठवणही झाली नाहीं. होडीवाला उठून गेला व त्याच्याजवळ बसला. काय झालें, कसें झालें, हें त्यानें विचारिलें नाहीं. उद्यां भरतीला होडी काढावयाची आहे आणि एक माणूस कमी पडतो आहे, एवढेंच तो म्हणाला. मग दोघे मिळून जेवावयास आले. त्या दिवशीं प्रार्थना करण्यास मला सांगण्यांत आलें होतें. परंतु उपदेश त्या होडीवाल्यानें केला.

बंधूंनो, ह्या किनाऱ्यावर तर तुलनेस मुळींच आधार नाहीं. येथें भाताचीं खाचरें होतीं, मिठागरें होतीं, मासळीची खाडी होती. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं लोक उठले. जानेवारी 1984 मध्यें जासई व दास्तान फाटा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले. त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. 1989 च्या मे महिन्यांत बंदर सुरू झालें, आणि जानेवारी 2024 मध्यें शिवडीपासून येथवर सुमारें 22 किलोमीटरांचा पूल खुला झाला. आतां विचार करा: एकाच्या आजाची जमीन संपादनांत गेली, म्हणून त्याला भूखंड मिळाला. दुसऱ्याच्या आजाचें शेत म्हणजे खाडीचें पाणी. त्याचा सातबारा कोण लिहिणार? त्या दोघांस एका तागडींत घालून, हा शहाणा व तो नालायक, असें ठरविणारे आपण कोण?

जुन्या काळचें एक उदाहरण पाहा. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी प्रथम 1862 सालीं चौघांस मिळाली: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. पुढें रानडे न्यायाधीश झाले, भांडारकर संस्कृताचे पंडित झाले, वागळ्यांनीं वकिली केली, मोडकांनीं शाळेंत मुलें शिकविलीं. लोकांच्या तोंडीं चौघांचीं नांवें सारखीं राहिलीं नाहींत. तरी 1867 सालीं निघालेल्या प्रार्थना समाजांत हे चौघेही आढळतात. वाटा चार झाल्या, पण प्रार्थनेची बैठक एक राहिली.

पेत्र व योहान यांचेंही तसेंच झालें. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय तिसरा, उघडून पाहा. ते दोघे बरोबर मंदिरास चालले आहेत, आणि दाराशीं बसलेल्या पांगळ्याकडे दोघेही निरखून पाहतात. समुद्राकांठीं पेत्राची नजर योहानावर होती. आतां दोघांची नजर त्या पडलेल्या माणसावर आहे. प्रभूमागें चालणाराच्या दृष्टींत होणारा पालट तो हाच.

तेव्हां, खेड्यांतील उपदेशकांनो, तुमच्याबरोबर शिकलेला मनुष्य मोठ्या पगारावर असेल, आणि तुमची मंडळी दहा घरांची असेल. त्याचा पगार मोजूं नका. आपल्या दहा घरांचीं नांवें प्रार्थनेंत घ्या. आणि ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांनीं लाजेनें सोबत्यांस टाळूं नये. सोबत्याचें कसें चाललें आहे, हें हेव्यानें विचारणें सोडा. प्रीतीनें विचारणें सोडूं नका. ह्याच आठवड्यांत, बरेच दिवस न दिसलेल्या एका सोबत्याच्या दारीं जा. कदाचित् तो धक्क्यावर उभा असेल.

ज्या प्रभूनें रिकाम्या जाळ्यांच्या माणसांसाठीं विस्तव पेटवून ठेविला, तो आपणां सर्वांस आपापली वाट चालण्याचें बळ देवो. आमेन.