धुऱ्यावर थांबणारा रस्ता

वाशिम शहर वाढले ते अकोला, रिसोड, हिंगोली, पुसद, मंगरूळपीर या बाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेकडेने. 1998 साली अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि कडेची वावरे एकेक करून लेआउटखाली गेली. अशा वाढीत एक गोष्ट हमखास घडते. दोन मोठ्या रस्त्यांवरच्या दोन वस्त्या सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर असतात, पण एकीतून दुसरीत जायचे तर आधी नाक्यावर यावे लागते. मोठा रस्ता फणीच्या पाठीसारखा, कॉलन्यांचे रस्ते तिच्या दातांसारखे, आणि दातांची टोके एकमेकांना कुठेच भेटत नाहीत.

याला ढिसाळपणा म्हणून मोकळे होता येत नाही. प्रत्येक लेआउट आपल्यापुरता नियमात बसलेला असू शकतो. अडचण आहे ती कागदाच्या आकारात. लेआउट काढला जातो तो एका गटाचा, म्हणजे एका वावराचा, आणि त्या वावराचा आकार नगररचनाकाराने ठरवलेला नसतो. तो भाऊवाटणीने ठरलेला असतो. प्रत्येक भावाला सडकेला तोंड हवे, म्हणून वावर उभे फाडले जाते. दोन पिढ्यांत लांबट, अरुंद पट्ट्या उरतात. पुढे त्या पट्टीत रस्ता आखायचा तर तो लांबीतच जाणार आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, संपणार. शहराचा नकाशा असा वाटणीपत्रात आधीच काढून झालेला असतो.

आता मालकाचा हिशेब पाहू. समजा 100 मीटर रुंद आणि 200 मीटर लांब, म्हणजे सुमारे पाच एकरांचे वावर आहे. दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती 2,000 चौरस मीटर. डिसेंबर 2020 मध्ये राज्यात आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अंतर्गत रस्ता 150 मीटरपर्यंत लांब असेल तर 9 मीटर रुंदी चालते, त्यापुढे 300 मीटरपर्यंत 12 मीटर लागते. म्हणजे रस्ता पार मागच्या धुऱ्याला भिडवला तर तीन मीटर जादा रुंदीपायीच 600 चौरस मीटर गेले. दीड हजार चौरस फुटांचे चार प्लॉट! रस्ता आखूड ठेवण्यात असा रोख फायदा आहे. लांब रस्त्याला रुंदी जास्त हवी, हे तत्त्व म्हणून रास्तच. पण त्याचा भार एकट्या मालकावर पडला की तो रस्ता जोडण्याऐवजी तोडायला शिकतो.

त्याहून मोठे कारण शेजाऱ्याचे. मागचे वावर सडकेपासून तुटलेले असेल तर माझा रस्ता त्याच्या धुऱ्याशी पोचताच त्याच्या जमिनीचा भाव चढतो. जमीन माझी गेली, भाव त्याचा वाढला. हा व्यवहार कोण राजीखुशीने करील? शेजारच्या जमिनींशी रस्त्यांचा मेळ घाला, असे नियमावली सांगते. पण त्या दिवशी शेजारी सोयाबीन उभे असते, त्याचा लेआउट दहा वर्षांनी येतो, आणि तोवर इकडच्या रस्त्याच्या तोंडाशी कुणाची तरी कंपाउंडची भिंत उभी राहिलेली असते. जो आधी येतो त्याचा कागद कायम होतो. विकास आराखड्यातले डीपी रोड मोठे आणि मोजके; त्यांच्यात आणि कॉलनीच्या गल्लीत जो मधला, जोडणारा रस्ता हवा, तो काढायला कुणीच बसलेले नसते.

जुन्या शिवारात तो होता. पांदण. ती कुणा एकाच्या वावरात नव्हती, दोन धुऱ्यांच्या मधून जायची, आणि म्हणून एका मालकाच्या मर्जीवर टिकून नव्हती. (अतिक्रमणाने ती चिंचोळी झाली, ते वेगळे.) जुन्या कॉलनीत विनाकारण वळलेला रस्ता दिसला तर तिथे एकेकाळी बैलगाड्या जात असाव्यात, असे खुशाल समजावे.

यावर खरा इलाज आहे तो नगररचना परियोजनेचा. त्यात सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची, धुरे पुसायचे, आधी रस्ते काढायचे आणि मग प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी अंतिम भूखंड परत द्यायचा. रस्त्याचा तोटा सगळ्यांत वाटला जातो, भाववाढही. मुंबई इलाख्यात याचा कायदा 1915 साली झाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो इथे लागू नव्हता. अहमदाबाद याच पद्धतीने वाढले. महाराष्ट्राच्या 1966च्या कायद्यातही ती आहे, पण वापर तुरळक. लहान नगरपालिकेला ती झेपणे अवघड, हेही खरे: सातबाऱ्यावर पाच नावे, त्यांतली दोन पुण्यात, एक वाद कोर्टात.

तेव्हा निदान अर्धा इलाज तरी करावा. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. अशा ठिकाणी अजून वावरे वावरेच आहेत. गावनकाशावरच्या पांदणी मोजून मोकळ्या कराव्यात, त्या 12 मीटरच्या आखाव्यात, मध्ये दर दोन-अडीचशे मीटरवर एक आडवी रेघ गटांच्या हद्दी न पाहता ओढावी, आणि जाणाऱ्या जमिनीचा मोबदला त्या पट्ट्यातल्या सगळ्या लेआउटांकडून वसूल करावा. खर्च मोजणीचा आणि भांडणांचा. भांडणे होतीलच; पण पहिला लेआउट मंजूर होण्याआधी ती वावरांची असतात, नंतर घरांची होतात.