क्षमापित खंड

सरकारी लेखनात काही शब्द असे असतात की, ते रोज डोळ्यांखालून जात असूनही त्यांच्या अर्थाशी आपली गाठ पडत नाही. सेवेतील अमुक खंड क्षमापित करण्यात येत आहे, या आशयाचे वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत मी किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. त्याचा अर्थ मला प्रथम विचारला तो गेल्या गणेशोत्सवात, येथील महाराष्ट्र मंडळाच्या ओसरीवर.

विचारणारे गृहस्थ वयस्क होते. मूळचे कोल्हापूरकडचे, प्रादेशिक सेनेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता मुलाच्या बिऱ्हाडी राहणारे. आरती आटोपल्यावर त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही कचेरीतले. एवढं वाचून सांगता का?” कागदात नवे काही नव्हते. सेनेत नाव २३ वर्षे. हिशेबात धरण्याजोगी सेवा १३ वर्षे ४ महिने. निवृत्तिवेतनास लागणारी सेवा १५ वर्षे. सबब विनंती मान्य करता येत नाही. मधले खंड क्षमापित केले आहेत, परंतु ते सेवेत मोजता येणार नाहीत, अशीही एक ओळ होती. मी तिचा अर्थ सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले. मग शांतपणे म्हणाले, “माफ केलं म्हणता. पण साहेब, माझा गुन्हा काय होता?”

कचेरीच्या दृष्टीने उत्तर सोपे होते. प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली आणि १९४९ च्या ऑक्टोबरात राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आपला धंदा, शेती वा नोकरी सांभाळून नागरिकाने शिपाईगिरी शिकावी आणि गरज पडताच पलटणीत हजर व्हावे, ही तिच्यामागची कल्पना. हुकूम निघून पलटण उभी होते आणि जवान वर्दीत हजर राहतो, त्या काळाला ‘एंबॉडीड’ सेवा म्हणतात. निवृत्तिवेतनासाठी तीच तेवढी जमेस धरतात; जवानाची एकूण १५ वर्षे भरावी लागतात, अधिकाऱ्याची २०. दोन हजेऱ्यांमधला काळ हा ‘खंड’. तो माफ होतो, म्हणजे त्याच्यामुळे आधीची सेवा बुडत नाही. पण तो स्वतः सेवा ठरत नाही. केवळ वर्षातून दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला येणाऱ्या जवानाचे सारे दिवस धरले, तरी त्याची १५ वर्षे भरण्यास ९० वर्षे लागतील. आमच्या हवालदारांची पलटण दीर्घकाळ उभी राहिली, म्हणून ते एवढे तरी जवळ पोचले.

नियम बरोबर लावला गेला होता, याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती निराळ्याच गोष्टीविषयी. घरी राहून हुकमाची वाट पाहणे ही सेवा आहे की सेवेचा अभाव?

चमत्कार असा की, या प्रश्नाला आपल्याच लष्करी नियमांनी एके काळी वेगळे उत्तर दिले होते. १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमांत, काही वर्षे पलटणीत काढून राखीव दलात गेलेल्या शिपायाची दोन्ही ठिकाणची सेवा मिळून १५ वर्षे झाली, तर त्याला राखीव शिपायाचे निवृत्तिवेतन देण्याची तरतूद होती. रक्कम कमी असे. परंतु गावाकडे नांगर धरून काढलेली वर्षे त्यात सेवा म्हणूनच मोजली जात. अमेरिकेत तर याचे गणितच मांडले आहे. तेथे राखीव सैनिकाला यादीत नाव असल्याबद्दल वर्षाला १५ गुण मिळतात, कवायतीच्या प्रत्येक सत्राचा एक आणि प्रत्यक्ष सेवेच्या प्रत्येक दिवसाचा एक. वर्षात ५० गुण झाले की ते वर्ष पात्र ठरते. अशी २० वर्षे भरली की सामान्यतः वयाच्या साठीला निवृत्तिवेतन सुरू होते. रक्कम काढताना ३६० गुणांचे एक वर्ष धरतात. म्हणजे नुसत्या नाव राखण्याच्या २४ वर्षांचे मोल प्रत्यक्ष सेवेच्या एका वर्षाइतके झाले. हाच सैनिक राखीव दलातून पूर्णवेळ सेवेत गेला, तर वेतनश्रेणीसाठी त्याची राखीव वर्षे जशीच्या तशी धरतात. पण पूर्णवेळ सैनिकाच्या २० वर्षांच्या निवृत्तीस तो पात्र झाला की नाही हे पाहताना मात्र प्रत्यक्ष सेवेचेच दिवस पाहतात.

एकाच माणसाचे एकच आयुष्य. पण एका हिशेबात ते लांब, दुसऱ्यात आखूड. यातले खरे कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे असे मला वाटते. वर्षे मोजण्यापूर्वी आपण कशासाठी मोजतो हे ठरवावे लागते. अनुभव मोजायचा तर एक उत्तर येते, सोसलेले कष्ट मोजायचे तर दुसरे. बांधिलकी मोजायची तर तिसरे येते, आणि हे तिसरे माप आपल्या कागदांत बहुधा कोठेच नसते.

आपल्या जुन्या गावगाड्यात ते होते. जागल्याला खळ्यावर वर्षाचे धान्य मिळे, ते चोर आले त्या रात्रींचे नव्हे. लोहाराचे बलुते मोडलेले फाळ मोजून ठरत नसे. फाळ मोडेल त्या दिवशी तो भात्यापाशी असेल, या भरवशाचे ते मोल होते. त्या व्यवस्थेत जातीचा जुलूम होता. तिचे गोडवे गाण्याचे मुळीच कारण नाही, आणि ज्यांना ती चाकरी जन्माने चिकटली त्यांनी तर तिचा धिक्कारच केला. पण तत्परतेलाही किंमत असते एवढी गोष्ट तिला कळत होती.

ही तत्परता काल्पनिक नसते. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेनेला बोलावणे आले. २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचना निघून तिच्या प्रत्येक अधिकाऱ्यास व जवानास पाचारण करण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना देण्यात आला आणि ३२ पायदळ पलटणींपैकी १४ उभ्या करण्याचे ठरले. तो हुकूम ज्यांच्यासाठी होता, ती माणसे आदल्या दिवशी कोठे दुकानात, कोठे शेतावर असतील. आदल्या दिवशीही ती बांधलेलीच होती, म्हणून तर हुकमाला अर्थ आला.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. सियाचीनच्या बर्फात काढलेला दिवस आणि घरच्या अंथरुणात काढलेला दिवस एका तागडीत कसे घालावे? तसे केले तर तो पूर्णवेळ सैनिकावर उघड अन्याय होईल. शिवाय खजिना सर्वांचा आहे; दयेने उधळायला तो कारकुनाच्या बापाचा नाही. हे मला मान्य आहे. प्रतीक्षेचा दिवस पूर्ण दिवस नव्हे. परंतु तो पूर्ण नव्हे, यावरून तो शून्य आहे असे ठरत नाही. आणि शून्य धरणे व्यवहाराला भागच असेल, तरी त्याला दोष मानून माफ करणे तर्काला धरून नाही. क्षमा अपराधाला असते. ज्याला सरकारनेच घरी पाठविले, त्याच्या घरी असण्याला सरकारने क्षमा करावी, यात औदार्य कोणाचे?

नियम बदलणे तुमच्या-माझ्या हाती नाही. हाती आहे ते नियमाचे म्हणणे नेमके समजून घेणे. ‘मोजता येत नाही’ याचा अर्थ सरकार इतके देऊ शकत नाही, एवढाच आहे. माणसाने काही दिले नाही, असा नाही. वर्षानुवर्षे तक्ते भरताना या दोन विधानांतला फरक आपल्या बोटांतून निसटतो, आणि मग रकान्याबाहेर राहिलेले आयुष्य मुळात जगलेच गेले नाही, असे आपल्याला वाटू लागते. आपला अन्याय बहुधा आकड्यात नसतो. तो आकड्याखालच्या भाषेत असतो.

हा विषय आपल्यापासून दूर आहे, असेही कोणी समजू नये. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात १९५६ साली घातलेल्या एका कलमानुसार, २० वर्षे पूर्ण झालेला आणि ४० पूर्ण न झालेला सरकारी नोकर, तशी मागणी झाल्यास, या सेनेत सेवा करण्यास बांधलेला आहे. मी अजून चाळिशीच्या आत आहे. ते कलम वाचल्यावर प्रथमच ध्यानात आले की, मीही इतकी वर्षे, नकळत का होईना, वाट पाहणाऱ्यांतच उभा आहे.

हवालदारांना मी अर्ज लिहून दिला. वर्षांची संख्या मला बदलता आली नाही. ‘खंड’ हा शब्द मात्र मी वापरला नाही. ‘अर्जदार २३ वर्षे हुकमाखाली होता, त्यांपैकी १३ वर्षे ४ महिने त्याला बोलावणे होते,’ असे लिहिले. त्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे बरोबर आहे.” अर्जाचे उत्तर काय येईल हे मला ठाऊक आहे, बहुधा त्यांनाही असावे. तरी सही करताना त्यांनी नावापुढे आपला हुद्दा लिहिला, आणि कागद पूर्वीसारखी चौघडी न घालता सरळ माझ्या हाती दिला.