जिंकणाराही अडकतो



विलायतेच्या बीबीसीने एप्रिल १९६६ मध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरदर्शन मालिकेत चार भागांची एक कथा दाखविली. तिच्यात एक खेळणीवाला आहे. धम्माच्या पानावर त्याचे काय काम, असे म्हणाल. थोडे ऐका.

हा खेळणीवाला कोणाला साखळदंडाने बांधीत नाही. तो खेळायला बोलावतो. हरला तो त्याचे कायमचे खेळणे झाला. आणि नवा माणूस सापडला की त्याच्यापुढे अशीच खेळणी जिवंत होऊन उभी राहतात! एका खेळात सात खुर्च्या, त्यांतल्या सहा जीवघेण्या. अडकलेल्या दोघांपैकी स्टीव्हनला समोरचे खेळगडी नुसते भास वाटतात. डोडो या मुलीला मात्र त्यांच्यात माणसे दिसतात, तिला त्यांची कणव येते.

इकडे डॉक्टरपुढे दहा तुकड्यांचे कोडे. ते १०२३ चालींत सुटते. (दोनचा दहावा घात काढा, एक वजा करा, मुलांकडून करवून घ्या.) पण शेवटची चाल झाली की खेळणीवाल्याचे सारे जग नष्ट होणार आणि जिंकणाराही त्यातच जाणार. डॉक्टर आपल्या यानात शिरतो, खेळणीवाल्याचाच आवाज काढून ती चाल आतून करवतो, तेव्हा कुठे सुटतो.

राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले. दीघनिकायात ते आहेत. पहिला तोटा कोणाचा? जिंकणाऱ्याचा! त्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, हा दुसरा. मग हातचा पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला काय पोसणार?

पंचशीलात जुगाराचे नाव नाही, म्हणून तो चालतो, असे आपल्यातले काही म्हणतात. त्यांनी सिगालाचे हे सुत्त घरात मोठ्याने वाचावे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. चांगले झाले. पण वस्तीच्या टोकाला पत्ते पिसत बसलेला तुमचाच चुलता पोराला “ये रे, एक डाव बस” म्हणतो, त्याला कोणता कायदा अडवील? तोही कधीकाळी असाच बोलावला गेला आणि हरला. त्याच्याशी भांडू नका. येत्या रविवारी वंदनेला निघाल तेव्हा त्याच्या दारावरून जा आणि त्याला हाक मारा.